विषय: काटोलकडचा जुना वाडा – बयाण्याआधी स्ट्रक्चरल सर्व्हे कसा करून घ्यायचा?

प्रेषक: सभासद, लेस्टर

नमस्कार मंडळी,

काटोल तालुक्यात गावठाणातला एक जुना वाडा विकाऊ आहे. दोन मजली, खालच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड. वरचा मजला विटा-चुन्याचा, छप्पर कवेलूचं (कौलांचं), मधे चौक. एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलेलं आहे. विकणाऱ्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ आणि बँकेच्या व्हॅल्युअरचा चार पानी रिपोर्ट पाठवलाय. अक्षय तृतीयेला बयाणा द्या म्हणतात. इंग्लंडात जुनं घर घेताना आरआयसीएसचा (तिथल्या सर्व्हेअरांच्या संस्थेचा) लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सखोल, सर्व्हे मागवतात. नागपूरकडे तसं काही होतं का? कुणाला नेमावं, आणि त्याच्याकडून नेमकं काय बघून घ्यावं?

—

प्रेषक: सभासद (स्ट्रक्चरल इंजिनिअर), धंतोली, नागपूर

ताई,

तसा तयार साचा इकडे नाही. व्हॅल्युअर क्षेत्रफळ, रेडीरेकनर आणि घसारा धरून भाव काढतो. भिंत पुढचे चार पावसाळे उभी राहील का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. शहरात ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, पण ते करणारे बहुतेक जण आरसीसीतले. ते रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटची ताकद मोजायचा हातोडा, घेऊन येतील, आणि तुमच्या मातीच्या भिंतीवर हॅमर मारला की जो आकडा मिळेल तो प्लास्टरचा असेल. म्हणून इंजिनिअर ठरवताना एवढंच विचारा, "मातीची भिंत आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचा मजला, यांच्यावर काम केलंय का?" नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचा सिव्हिल विभाग किंवा वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेचं नागपूर चॅप्टर इथे चौकशी करता येईल. त्याच्यासोबत गावातला एक म्हातारा सुतार आणि एक गवंडी अर्धा दिवस धराच. कुठली भिंत कधी नव्याने उचलली, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता जमीन. काटोल म्हणजे डेक्कन ट्रॅपची, बेसाल्ट खडकापासून झालेली, काळी माती. कपाशीला सोनं, पायाला वैरी. मे महिन्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते. जुन्या वाड्याचा पाया बहुधा दोन-तीन हातच खोल असतो. गावं पांढरीवर, म्हणजे पांढुरक्या मातीच्या जागेवर, बसली आणि शेतं काळीत राहिली, हे आपल्याला माहीत आहे. पण वाढवताना मागची खोली पांढरी सोडून काळीत गेली असेल, तर दोन्ही भागांचा जोड दर वर्षी उघडतो आणि मिटतो.

ते बघायला पायाजवळ दोन खड्डे घ्या, एक भेगेच्या कोपऱ्यात आणि एक जिथे भिंत धड आहे तिथे. ९० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, पायाच्या तळापर्यंतच. त्याखाली एक टोपलंही माती काढायची नाही. भिंत झुकलेली असेल तिथे खड्डा अजिबात नको. तळाखालची माती बघायला दीड मीटर लांबून हात-ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) तीन मीटर खाली जा आणि मुरूम कुठे लागतो ते लिहून घ्या. खड्डा त्याच दिवशी १५ सेंमीच्या थरांनी धुम्मस करून बुजवायचा. उघडा राहिला आणि वळवाचा पाऊस आला, तर तुम्हीच भिंत पाडली असं होईल.

मातीची फुगण्याची चाचणी स्वस्त आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घ्यायची आणि १०० मिलीच्या दोन नळ्यांत टाकायची. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत केरोसीन. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते माप धरायचं. २४ तासांनी पाण्यात २१ मिली आणि केरोसीनमध्ये १२ मिली दिसली, तर फुगवटा ७५ टक्के. ५० ते १०० मध्यम, १०० च्या पुढे जास्त.

भेगांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये ५ मिमीपर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर अशी पट्टी वापरतात. ती विटांच्या घरांवरून बेतलेली आहे. मातीच्या भिंतीत १० मिमीची भेग पन्नास वर्षं तशीच राहू शकते आणि ३ मिमीची दोन वर्षांत कोपरा घेऊन जाते. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन पितळी स्क्रू त्रिकोणात बसवा. स्क्रू प्लास्टरमध्ये नको, प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं असलं तर मोजमाप फसतं. तेवढं खरवडून १० सेंमीची लाकडी खुंटी चुन्यात बसवायची आणि स्क्रू तिच्यात. व्हर्निअरने मे अखेर, ऑगस्ट अखेर आणि डिसेंबरात मोजा. पावसात मिटून हिवाळ्यात पुन्हा उघडत असेल तर ते काळ्या जमिनीचं ऋतुमान. तिन्ही वेळा आकडा चढताच असेल तर पाया बसतोय. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा कोपरा खचलाय. खाली रुंद असेल तर मधला भाग.

ओळंबा प्रत्येक भिंतीला तीन ठिकाणी लावायचा. सरळ कललेल्या भिंतीचा माथा जाडीच्या एक तृतीयांशाएवढा बाहेर गेला की तिचं स्वतःचं वजन तळाच्या मधल्या तिसऱ्या भागाच्या कडेला येतं, आणि ती धोक्याची हद्द. ६० सेंमी भिंतीला ते २० सेंमी. त्यात छपराचा रेटा धरलेला नाही, म्हणून मी १० सेंमीलाच लाल खूण करतो. पोट काढलेल्या भिंतीला हा हिशोब लागू नाही. तिथे आत पोकळी धरूनच चालायचं.

आणि जाड भिंत दिसली म्हणून हुरळू नका. जुन्या घरात भिंतीतच धान्याचं बळद असतं. दीड हाताची भिंत म्हणजे दोन बाजूंना वीतभर माती आणि मधे पोकळी, असं निघू शकतं. माजघरात किंवा अंगणात बुजवलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, तोही असतो. जमिनीवर पहार हलकी आपटत चला, आवाज बदलतो.

या सगळ्यापेक्षा मला काळजी तुमच्या सिमेंट प्लास्टरची आहे. मातीची भिंत ओल घेते आणि हवेत सोडते. वर सिमेंट चढवलं की त्याला केसाएवढी चीर पडते, पाऊस आत जातो, बाहेर पडायला वाट नसते. पायथा आतून चिखल होत जातो आणि बाहेरून रंग झकास. मग सात दिवसांच्या झडीत भिंत एकदम बसते. त्यात गावातला सिमेंट रस्ता. दर वेळी जुन्यावरच नवा थर पडत गेला, त्यामुळे दीड फूट उंच होतं ते जोतं आता रस्त्याच्या बरोबरीला आलेलं असतं. नळी लेव्हलने रस्ता, चौक आणि मागची सांदवाडी यांच्या उंचीतला फरक काढा. चौकात दहा बादल्या पाणी ओतून ते मोरीतून जातं की भिंतीकडे वळतं ते बघा. बाहेरचा नळ, शोषखड्डा, नंतर बांधलेला संडास, हे भिंतीपासून किती लांब आहेत तेही मोजा.

लाकडी ठोकळ्याने प्लास्टर पायथ्यापासून मीटरभर उंचीपर्यंत वाजवायचं. पोकळ वाजेल तिथे २० बाय २० सेंमी तोडायचं, निदान सहा जागी. न्हाणीची भिंत आणि रस्त्याकडची भिंत चुकवायची नाही. प्रत्येक जागी जोत्याशी, एक मीटरवर आणि दोन मीटरवर, १० सेंमी आतून मूठभर माती काढून डबीबंद करा, वजन घ्या, ओव्हनमध्ये १०५ अंशावर २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. पिनांचा मॉइश्चर मीटर लाकडासाठी असतो. लोणा लागलेल्या भिंतीत तो क्षारांमुळे भलताच आकडा दाखवतो. ओल खाली जास्त आणि वर कमी असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. उलटं असेल तर कवेलू किंवा पन्हळ.

—

प्रेषक: सभासद (आर्किटेक्ट), टोरांटो

काकांनी माती सांगितली, मी लाकूड सांगते.

म्याल (मोठी आडवी तुळई) किंवा कडी मधे क्वचित सडते. सडतं ते भिंतीत गेलेलं टोक, आणि नेमकं तेच व्हिडिओत दिसत नाही. सुताराला दाभण घेऊन भिंतीच्या कडेला प्रत्येक टोक टोचायला लावा. धड सागात दाभण २-३ मिमीवर अडतं. बोटभर आत गेलं तर ३ मिमीच्या ड्रिलने भोक घेऊन भुसा बघा. कोरडा, सोनेरी, कुरकुरीत निघाला तर ठीक. काळपट, ओला निघाला तर टोक गेलं. लाकडावर मीटर चालतो, २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर बुरशीला रान मोकळं.

सागाच्या गाभ्याला वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई, सहसा शिवत नाही, पण कडेचं पांढरं लाकूड पोखरते. २० सेंमी खोल कडीचे वरचे ५ सेंमी गेले तर चौथा भाग गेला असं वाटतं. ताकद खोलीच्या वर्गावर चालते, म्हणजे ४४ टक्के गेली. वाकण्याला विरोध घनावर चालतो, तो निम्म्याहून कमी उरतो. मातीच्या नळ्या पुसून रंग दिलेला असतो, म्हणून कडी आणि पाट यांच्या सांध्यात टॉर्च तिरपा धरा.

कडीपाटावर मातीचा थर किती आहे ते मोजा. घनमीटरला १८०० किलो धरले तर १५ सेंमीचा थर चौरस मीटरला २७० किलो होतो, आणि घराच्या खोलीत माणसं-सामानाचा भार आपण २०० धरतो. दर काही वर्षांनी सारवण आणि वर एक थर, असं करत हा २५ सेंमीपर्यंत गेलेला सापडतो.

छपरात वासे भिंतीच्या माथ्यावर नुसते टेकलेत की त्यांना आडवा ताण (दोन्ही बाजू बांधून धरणारं लाकूड) आहे, हे बघा. ताण कापलेला असेल तर पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, पसरतात आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलतात. काकांच्या १० सेंमीचं कारण कदाचित वरच सापडेल. कवेलू शेवटचे कधी फेरले तेही विचारा. कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकलेले असतील तर ओझं कमी झालं म्हणून खूश होऊ नका, वादळात हलकं छप्पर उचलतं. जे-बोल्ट किंवा पट्ट्या भिंतीत किती खोल गेल्यात ते बघा.

सामाईक भिंतीची गोष्ट वेगळी. वाटणीनंतर एका भावाने आपला अर्धा भाग पाडला असेल, तर म्याल वाटणीच्या रेषेवर करवतलेली असते, आणि आतली भिंत एकाएकी बाहेरची होते. ती पावसासाठी बांधलेलीच नव्हती. शेजारच्या घरात जाऊन त्या भिंतीची पलीकडची बाजू बघितल्याशिवाय रिपोर्ट पुरा समजू नका.

—

प्रेषक: सभासद, दुबई

थोडं कागदांचं. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (मूळ भारतीय, पण परदेशी नागरिक) घर विकत घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन घेता येत नाही. वाड्यामागचा तुकडा सातबाऱ्यावर असेल तर तो सौद्यातून बाहेर ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू आहे. मालमत्ता पत्रक निघालं असेल तर त्याचा नकाशा इंजिनिअरला द्या. सामाईक भिंत नकाशात कुणाच्या बाजूला पडते आणि जागेवर कुठे आहे, हे त्याने टेपने ताडून लिहावं. आणखी कुणी रामटेक-मनसरकडे घर बघत असेल, तर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने, हे आधी तपासा. तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते.

—

प्रेषक: सभासद, लेस्टर

मनापासून आभार. विचारलं तर मालक म्हणतात, प्लास्टर तोडू देणार नाही, खड्डाही नाही, आधी बयाणा द्या. डिसेंबरपर्यंत थांबायलाही तयार नाहीत.

—

प्रेषक: सभासद (स्ट्रक्चरल इंजिनिअर), धंतोली, नागपूर

ताई,

सहा जागा तोडून पुन्हा भरून देऊ, असं लिहून द्या. भरताना चुना १ आणि वाळू ३, सिमेंट नाही. नागपूरच्या उन्हात ओलं गोणपाट लावून निदान सात दिवस भिजवायचं, नाहीतर चुन्याची राख होते. एवढं बोलूनही नाही म्हणाले, तर खालच्या मजल्याची रस्त्याकडची आणि न्हाणीची भिंत नव्याने बांधायची, असं धरून भाव काढा. त्यांना तो पटला तर सौदा, नाहीतर राहू द्या.

मधला रस्ता असा. बयाणा अगदी लहान द्यायचा आणि इसारपत्रात लिहून घ्यायचं की ऑगस्टच्या मोजणीनंतर इंजिनिअरने भिंत वा पाया धोक्याचा ठरवला तर रक्कम परत. धोक्याचा म्हणजे काय, तेही आकड्यात लिहा. ओळंबा १० सेंमीच्या पुढे, कुठल्याही भेगेत दोन मोजण्यांमध्ये २ मिमीहून जास्त वाढ, तीनहून जास्त म्यालींची टोकं सडलेली, असं. "मोडकळीस आलेली" असा शब्द लिहिला की भांडण ठरलेलंच. डिसेंबरची मोजणी हातात नसेल, तर ऑगस्टमध्ये मिटलेल्या भेगेवर विश्वास ठेवू नका, काळी माती तेव्हा फुगलेलीच असते. खरेदीखतासाठी निदान नोव्हेंबर मागा.

रिपोर्टमध्ये वाड्याचा मोजलेला आराखडा हवा, प्रत्येक भेगेला आणि टोकाला क्रमांक, प्रत्येक फोटोत पट्टी. "भिंतीला तडे आहेत" एवढंच लिहून आलं तर परत पाठवा.

आणि मोजण्यांच्या मधे ते घर रंगवून घेऊ शकतात. स्क्रूच्या डोक्यांवर टेप लावून ठेवायला सांगा. रंगाचा एक थर बसला तरी व्हर्निअरचा आकडा बदलतो, आणि पहिली मोजणी वाया जाते.