शिकवलेलं आठवड्यात विसरतात, काय करायचं?

सातवी_विज्ञान:
सातवीला विज्ञान शिकवते, वर्ग मोठा आहे. शिकवताना सगळे माना डोलावतात आणि पुढच्या सोमवारी विचारलं की पाटी कोरी. उजळणी घेते, धडा परत वाचून दाखवते, तरी तेच. कुणी काही वेगळं करून पाहिलंय का?

खडू_डस्टर:
ताई परत वाचून दाखवणं कमी करा. तास सुरू झाला की पुस्तक बंद, वहीच्या मागच्या पानावर मागच्या तासाचं आठवेल ते लिहायचं, मार्क वगैरे काही नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारेच पुढे, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून तर आपण फसतो, त्याच तासाला विचारलं की सगळं येतं.

सातवी_विज्ञान:
पण ज्यांना ओ की ठो आठवत नाही ते सरळ शेजारच्या वहीत बघणार ना?

मागचा_बाक:
बघू देत की. आधी दोन मिनिटं एकट्याने, मग जोडीने, शेवटी पुस्तक उघडून चुका दुरुस्त. हे दुरुस्तीचं मात्र सोडू नका, नाहीतर चुकीचंच डोक्यात पक्कं बसतं. आणि पचनसंस्था चालू असली तरी मागच्या महिन्यातल्या प्रकाशसंश्लेषणाचा एखादा प्रश्न मध्येच टाकायचा. पोरं कुरकुरतात सुरुवातीला.

सातवी_विज्ञान:
पोर्शनचं टेन्शन आहे, पण पाच मिनिटं निघतील. उद्या पचनापासूनच घेते.