बोझ्नान्स्काला 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' का म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
चित्रकार ओल्गा बोझ्नान्स्काचं नाव निघालं की लगेच 'पोलंडची पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' (म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड पकडणाऱ्या फ्रेंच इम्प्रेशनिस्टांच्या नंतरची, त्यांची रीत घेऊन वेगळ्या वाटेने गेलेली) अशी चिठ्ठी चिकटवतात. मला ती पटत नाही. बाई क्राकोची, जन्म १८६५चा. वडील पोलिश, रेल्वेत इंजिनियर, आई फ्रेंच. म्युनिकच्या अकादमीत तेव्हा बायकांना घेत नसत, म्हणून १८८६ पासून तिथे खासगी शिकवण्या लावून शिकली. १८९८ला पॅरिसला गेली, १९४०मध्ये तिथेच वारली. म्हणजे गोगँ-सेझान या पोस्ट-इम्प्रेशनिस्टांचा बोलबाला होता त्या शहरात ४२ वर्षं काढली. पण चित्रांत त्यातलं काय दिसतं? भडक सपाट रंग नाहीत, ठळक बाह्यरेषा नाहीत, उन्हातली शेतं तर नाहीतच. बंद खोली, करडा उजेड आणि समोर बसलेलं माणूस. तिचं नातं करड्या, दबक्या रंगांत माणसं रंगवणाऱ्या व्हेलास्केझशी, व्हिस्लरशी. इम्प्रेशनिस्ट म्हणवून घेणंसुद्धा तिला मान्य नव्हतं. मग आपण कोण बारसं करणारे?

रिकामटेकडी:
इम्प्रेशनिस्टांतल्या देगालाही तो शब्द आवडत नव्हता. आपण म्हणतोच की!

लालमाती:
पाटीपेन्सिल, सपशेल असहमत. तुम्ही विषय बघताय, हात बघत नाही. क्राकोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिची 'शेवंती घेतलेली मुलगी' (१८९४) आहे. लांबून बघितलं तर फिकट चेहऱ्याची, काळ्याभोर डोळ्यांची एक गप्प पोर. नाक लावून बघायला गेलं की पोर विरघळते. शेवंतीची फुलं म्हणजे पांढऱ्या रंगाचे चारदोन फटकारे. चित्र पुठ्ठ्यावर आहे, रंगाखाली अस्तराचा थर नाही. पुठ्ठा रंगातलं तेल पिऊन टाकतो, त्यामुळे चकाकी येतच नाही. भिंतीवरच्या चुन्यासारखा कोरडा रंग. दोन ठिपक्यांच्या मधून पुठ्ठा डोकावतो आणि तोही एक रंग म्हणून कामाला लागतो.
आता हे कुठून आलं? सुटे फटकारे इम्प्रेशनिस्टांचे. पण त्यांना क्षण पकडायचा होता, हिला नव्हता. ही समोरच्याला पुन्हापुन्हा बसवायची, लोक कंटाळायचे. त्यांची रीत घेऊन उलट्या कामाला लावली. 'पोस्ट' म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

भरतकाम:
पुठ्ठ्यात कसली आलीय शैली? पैसे नव्हते म्हणून पुठ्ठा. शेवटी किती हलाखीत राहत होती ते वाचा. स्टुडिओभर धूळ आणि पाळलेले उंदीर!

लालमाती:
हलाखी नंतरची. पुठ्ठा १८९०च्या दशकातला, तेव्हा घरचं बरं चाललं होतं. क्राकोतल्या घराचं भाडंही पुढे बरीच वर्षं येत होतं. क्राकोच्या अकादमीत शिकवायला बोलावलं तर तिने नाही म्हटलं. पोटाची चिंता असलेलं माणूस पगाराची नोकरी सोडतं का? आणि उंदरांचं पुरे आता. बाई चित्रकार असली की चर्चा तिच्या केरवाऱ्यावरच का येते?

रिकामटेकडी:
+१. (उंदरांबद्दल मात्र मला अजून ऐकायचंय.)

पाटीपेन्सिल:
पुठ्ठ्याचं मान्य, तो मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग चित्रकार पाउल नाउएनच्या, तिनेच केलेल्या पोर्ट्रेटचं (१८९३) काय करायचं? व्हिएन्नात १८९४ला सुवर्णपदक मिळालं ते. सगळा कारभार एदुआर माने या इम्प्रेशनिस्टांच्या आधीच्या फ्रेंच चित्रकाराच्या वळणाचा. एका वर्षाच्या अंतराने केलेली दोन चित्रं, आणि दोघांना एकच चिठ्ठी? तुमची चिठ्ठी तुमच्या आवडत्या चित्रापुरती बरोबर आहे, बाईंना पुरत नाही.

लालमाती:
नाउएन तुम्हाला दिला. १९०० नंतरचं असं एक तरी चित्र काढून दाखवा, मग बोलू.