जपानच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये '२ वर्षांच्या आत सोडलं तर ५ लाख येन भरा' लिहिलंय, सही करावी का?

साखळीचा मामा:
नमस्कार मंडळी. भाच्याला जपानमध्ये हॉटेलात नोकरी लागलीय. हॉटेल मॅनेजमेंट झालंय, कळंगुटला काम केलंय, जपानी भाषेची आणि स्किलची परीक्षा दोन्ही पास, व्हिसा तोकुतेई गिनोचा (ठरावीक क्षेत्रातल्या कुशल कामगारांसाठीचा). आता कॉन्ट्रॅक्ट हातात आलं तर त्यात कलम आहे की २ वर्षांच्या आत राजीनामा दिला तर तिकीट, ट्रेनिंग, व्हिसा मिळून ५ लाख येन कंपनीला द्यायचे आणि ते शेवटच्या पगारातून कापणार. वर इथल्या एजन्सीने वेगळा बॉण्ड दिलाय आणि डिग्रीचं ओरिजिनल मागतायत. ताई म्हणते सगळेच सही करतात, तूही कर म्हणून सांग त्याला. एजंट म्हणतो नोकरी सोडली की कंपनी व्हिसा रद्द करते. पोरगा २३ वर्षांचा आहे हो, तिकडे एकटा अडकला तर काय करायचं? कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा.

ओसाकातला फोंडेकर:
मामा, आधी ५ लाखांचं बोलतो. जपानच्या लेबर स्टँडर्ड्स कायद्याचं कलम १६ अगदी स्पष्ट आहे, करार मोडला तर इतका दंड असं आधीच ठरवून ठेवायला मालकाला बंदी आहे, आणि तसं लिहून घेतलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड मालकालाच होऊ शकतो. परदेशी कामगारालाही हाच कायदा. पगार पूर्ण द्यायचा हे कलम २४, म्हणजे त्यातून परस्पर कापणंही नाही चालत, आणि सोडल्यावर मागितला की ७ दिवसांत हिशेब करून द्यावा लागतो.
तोकुतेई गिनोमध्ये तर अजून कडक आहे, दंडाचा करार किंवा डिपॉझिट असेल तर तो करार या व्हिसाच्या नियमातच बसत नाही. म्हणून कंपनीला ईमेल करून ते कलम काढून मागा, घाबरू नका. बरेचदा जुना फॉर्मॅट तसाच पुढे ढकललेला असतो.
पण याचा अर्थ उद्या वाटेल तेव्हा निघून जावं असा नाही. मुदतीचा करार असेल तर पहिलं वर्ष सोडायला तसंच सबळ कारण लागतं, तब्येत, घरची अडचण, पगार न देणं वगैरे. वर्ष झालं की कधीही सोडता येतं. मुदत नसलेल्या करारात २ आठवडे आधी सांगितलं की झालं. आणि मुद्दाम काही नुकसान केलं तर खऱ्या नुकसानीचा दावा कंपनी करू शकते, पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो, कागदावर आकडा लिहून होत नाही.

डिचोलीकर:
माझा भाऊ दुबईत आहे म्हणून तिकडचं सांगतो, जपानचं नाही. यूएईत २०२२ पासून नवीन कायदा आहे, भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही. प्रोबेशनमध्ये तिथेच दुसरीकडे जायचं तर १ महिन्याची नोटीस आणि भरतीचा खर्च नवीन कंपनी जुन्या कंपनीला देते, कामगार नाही. देश सोडून यायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस. आपल्याकडे गल्फला जाणारे इतके आहेत पण हे कुणी पोरांना सांगत नाही, एजंट म्हणेल ते खरं मानून निघतात, फार वाईट वाटतं.

म्हापसा कोर्टातली:
मी वकिली करते. मामा, तुमच्याकडे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत. इथल्या एजन्सीच्या बॉण्डला जपानचं कलम १६ लागत नाही, तिथे आपला १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम ७४ नुसार बॉण्डमध्ये कितीही आकडा लिहिला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, ती रक्कम ही फक्त वरची मर्यादा. पण भारतात असले बॉण्ड सगळे रद्दच असतात असं समजू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये ३ वर्षं नोकरी नाहीतर २ लाख ही अट वैध धरली. तेव्हा सही करायच्या आधी खर्चाचा तपशील लेखी मागा, ट्रेनिंग किती, तिकीट किती, पावत्या कुठे. रजिस्टर्ड एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजन्सीचं नाव आहे का ते आजच बघा. आणि डिग्रीचं ओरिजिनल मुळीच देऊ नका!! झेरॉक्स अटेस्ट करून द्या. कोरा चेक मागितला तर तोही नाही.

साखळीचा मामा:
ताई, दादा, खूप आधार वाटला. पोर्टल बघतो. व्हिसाचं मात्र अजून कळलं नाही, सोडलं की लगेच परत यावं लागतं का?

ओसाकातला फोंडेकर:
नाही मामा. व्हिसा इमिग्रेशन देतं, कंपनीला तो रद्द करता येत नाही. नोकरी सोडली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, ऑनलाइनही होतं. ३ महिने किंवा जास्त योग्य कारणाशिवाय काम न करता राहिला तर मात्र स्टेटस, म्हणजे तिथे राहायची परवानगी, काढून घेऊ शकतात, नोकरी शोधत असेल तर त्याचे पुरावे ठेवायचे. या व्हिसावर कंपनीचं नाव ठरलेलं असतं, म्हणून दुसऱ्या हॉटेलात जायचं तर आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो आणि ती मिळेपर्यंत तिथे काम सुरू करता येत नाही. त्या काळात पगार नाही, त्यामुळे सुरुवातीपासून थोडे पैसे बाजूला ठेवायला सांगा. पगाराची स्लिप आणि ड्युटीच्या वेळा दर महिन्याला फोनमध्ये साठवायच्या. कंपनीने त्रास दिला तर तिथल्या लेबर स्टँडर्ड्स इन्स्पेक्शन ऑफिसमध्ये तक्रार फुकट होते, आणि होतेरासू म्हणून सरकारी कायदेशीर मदत केंद्र आहे, तिथे इंग्रजीतूनही माहिती देतात. कॉन्ट्रॅक्टचं ते पान नाव झाकून मला मेसेजमध्ये पाठवा, जपानी मजकूर वाचून सांगतो, इंग्रजी आणि जपानीत फरक असतो कधीकधी.