फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर सोल असायलम: कोणी येणार का पुढच्या वेळी?

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी डाउनटाउन मिनियापोलिसला फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू क्लबमध्ये सोल असायलम हा रॉक बँड ऐकून आले, तेव्हापासून तुम्हा सगळ्यांना लिहायचं मनात आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कलाकारांबद्दल आपण इथे भरभरून लिहितो, आणि लिहायलाच हवं. पण आपली मुलं ज्या गावात वाढताहेत त्या गावाचंही स्वतःचं संगीत आहे. ते घडवणारी माणसं अजून इथेच वाजवतात आणि आपल्यातलं जवळपास कोणीच तिकडे फिरकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा बँड इथलाच. १९८१ मध्ये ‘लाउड फास्ट रूल्स’ या नावाने सुरू झाला. आज गाणारा डेव्ह पर्नर तेव्हा ड्रम्स वाजवायचा! ट्विन/टोन या इथल्याच छोट्या कंपनीने त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड काढल्या, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणाची बाजू हस्कर डू या इथल्याच दुसऱ्या बँडच्या बॉब मोल्डने सांभाळली. नाव झालं ते थेट १९९२ च्या ‘ग्रेव्ह डान्सर्स युनियन’ या अल्बमने. ‘रनअवे ट्रेन’ हे गाणं त्यातलंच. त्याला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

जागेबद्दल सांगायलाच हवं. इमारत मुळात ग्रेहाउंड बसचा डेपो, १९३७ चा. कोपऱ्यावरची ती गोल वळणाची भिंत बघितली की अजून कळतं. १९७० पासून तिथे गाणंबजावणं चालू आहे. इथल्याच गायक प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’ या चित्रपटातले रंगमंचावरचे प्रसंग इथलेच. बाहेरच्या काळ्या भिंतीवर रुपेरी चांदण्या रंगवल्यात आणि एकेका चांदणीत इथे वाजवून गेलेल्यांचं नाव. प्रिन्सची तेवढी सोनेरी.

आत रंगमंचापुढे मोठा पांढरा पडदा असतो. दिवे गेले, पडदा सरसर वर गेला आणि तो पुरता वर जायच्या आत पहिलं गाणं सुरू झालेलं होतं. पर्नरने साठी ओलांडली आहे. रेकॉर्डवर जिथे त्याचा आवाज चढतो तिथे तो आता जात नाही. ओळ खालीच ठेवतो, थोडी रेंगाळवतो. मला हे जास्त आवडलं, शब्द नीट ऐकू येतात. ड्रम्सवर मायकल ब्लँड. हा नव्वदच्या दशकात प्रिन्सच्या न्यू पॉवर जनरेशन या बँडमध्ये होता. पर्नरने ओळ लांबवली की जाणता तबलजी गायकाकडे बघत ठेका धरून ठेवतो, तसा तो मान वर करून त्याच्याकडे बघत राहायचा, आणि ओळ संपली रे संपली की असा घाव घालायचा की छातीत जाणवावं.

‘रनअवे ट्रेन’ला पर्नरने अकूस्टिक गिटार घेतली. दुसऱ्या कडव्यापासून सगळं सभागृह गात होतं. माझ्या शेजारी एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीबरोबर आल्या होत्या, दोघींना शब्द न् शब्द पाठ. २०२४ च्या ‘स्लोली बट शर्ली’ अल्बममधली गाणी लागली तेव्हा बरेच जण बारकडे वळले. त्यांनी चांगलं ते हुकवलं. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात घट्ट वादन त्याच गाण्यांत झालं. बाल्कनीखाली मात्र उभं राहू नका, तिथे बेसचा नुसता गुरगुराट येतो.

मृणाल

———

मृणाल,

छान लिहिलंस. ‘रनअवे ट्रेन’ आम्हाला चांगलं आठवतं. १९९३ मध्ये टीव्हीवर सारखं लागायचं. हरवलेल्या मुलांचे फोटो, खाली नाव आणि कधीपासून बेपत्ता ते साल. आमची मुलं तेव्हा त्याच वयाची, त्यामुळे हिला ते बघवायचं नाही, ती उठून आत जायची. मी मात्र शेवटपर्यंत बघायचो, न जाणो त्यातलं एखादं पोर कुठे दिसलं तर.

हा बँड आपल्या गावचा हे आज कळलं. आमच्यासारख्यांना झेपेल का तिथे? बसायला मिळतं का? आणि आवाज किती असतो?

सुहासकाका

———

काका, मृणालताई,

आमच्याकडे पुण्यात केबल आली तेव्हा एमटीव्हीवर हेच गाणं लागायचं. ती मुलं कुठली, हे आम्हाला कळत नव्हतं. टोनी केने दिग्दर्शित केलेल्या त्या व्हिडिओत देशादेशाप्रमाणे मुलांचे फोटो बदलायचे, हे मला फार उशिरा समजलं. गाणं मुळात पर्नरने स्वतःच्या नैराश्यातून लिहिलं होतं. मुलांचे फोटो ही कल्पना व्हिडिओची.

अजून एक सांगतो. बँडचा पहिल्यापासूनचा बेसवादक कार्ल म्युलर. त्याला घशाचा कर्करोग झाला तेव्हा २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या संगीतकारांनी त्याच्या उपचारांसाठी कार्यक्रम केला. हस्कर डू मोडल्यापासून बॉब मोल्ड आणि ग्रँट हार्ट यांच्यात किती कडवटपणा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री कार्लसाठी ते दोघं एका रंगमंचावर उभे राहिले. कार्ल २००५ मध्ये गेला. या गावातले बँड एकमेकांना कसे धरून असतात ते मला त्या एका गोष्टीवरून कळलं. पुढच्या वेळी मी नक्की येतो.

निखिल

———

सुहासकाका,

कार्यक्रम उभ्यानेच असतो. वरच्या बाल्कनीत थोडी बसायची जागा असते, पण ती लवकर भरते. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी क्लबला कळवून ठेवावं. आवाज भरपूर असतो, म्हणून फोमचे इअरप्लग घरूनच न्यायचे. गाणं त्यातूनही व्यवस्थित पोचतं. वर कठड्याशी जागा मिळाली तर ब्लँडचे हात अगदी स्वच्छ दिसतात.

मुलांना न्यायचं असेल त्यांनी तिकिटावरची वयाची अट बघून घ्या, बऱ्याच कार्यक्रमांना १८ पूर्ण लागतात. पार्किंग रॅम्पमध्ये गाडी लावता येते, पण जवळच टार्गेट सेंटर आहे, तिथे सामना असला की बाहेर पडायला वेळ लागतो. त्यापेक्षा फोर्ट स्नेलिंगला गाडी ठेवून ब्लू लाइन ट्रेनने वेअरहाउस डिस्ट्रिक्टला उतरा, तिथून चालत जवळ आहे.

तारीख जाहीर झाली की इथे कळवते. तुमची आणि काकूंची तिकिटं मीच काढते. निखिल, तुझं तू काढ, पण जायचं एकत्रच.

मृणाल