धागा: ‘उपजाती’ नेमकी कशाला म्हणायची?

सह्यकडा
‘हापूस, पायरी, केशर या आंब्याच्या उपजाती’ असं सर्रास छापून येतं. साफ चूक. तिन्ही एकाच जातीचे, मँजिफेरा इंडिकाचे, वाण आहेत. हापूसची कोय लावली तर झाड आंब्याचंच येईल, फळ हापूसचं येईलच असं नाही; परागकण दुसऱ्या झाडाचे असू शकतात. म्हणून तर कलम बांधायचं. उपजाती माणूस घडवत नाही. एकाच जातीतला एखादा गट आपल्या मुलखात वेगळ्या रंगारूपाचा होतो, तरी शेजारच्या गटाशी त्याचा संकर होतो, ती उपजाती. भीमाशंकरचं शेकरू: रातुफा इंडिका एल्फिन्स्टोनी. तिसरं नाव उपजातीचं.

कोयफोड्या
बाजारात ‘कुठली जात?’ असंच विचारतात. खिलार, देवणी, डांगी याही गाईंच्या जातीच. शास्त्राने शब्द बोलीतून उचलला आणि आता बोलीलाच दटावायचं?

सह्यकडा
बोलताना खुशाल जात म्हणा. पण ‘उप’ जोडलात की शास्त्राचा दावा केलात.

पानवेल
वनस्पतींत घोळ जास्त. प्राण्यांना तीन शब्द पुरतात. वनस्पतींत उपजाती आणि प्रकार या निराळ्या पायऱ्या, त्यामुळे तिसऱ्या नावाआधी पायरी लिहावीच लागते. वाणाचं नाव एकेरी अवतरणात, सरळ ठशात: मँजिफेरा इंडिका ‘अल्फान्सो’. तिरपा ठसा फक्त पहिल्या दोन शब्दांना.
आणि ‘पक्ष्यांच्या तीनशे प्रजाती’ हे कधी थांबणार? शाळेच्या पुस्तकात क्रम कुल, प्रजाती, जाती असा आहे. बातमीतली प्रजाती म्हणजे खरं तर जाती.

उलटतपासणी
थांबणार नाही आणि थांबूही नये. ‘नव्या जातीचा शोध’ असा मथळा दिला तर आपल्याकडे लोक काय समजतील? प्रजाती बातम्यांत रुळली आहे, राहू द्या. वरच्या पायरीला वंश म्हणा, हिंदीत म्हणतातच.
उपजातीचं म्हणाल तर बातमीत ती नकोच. गीरचा सिंह पूर्वी पँथेरा लिओ पर्सिका होता. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या मार्जार तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये त्याला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर पँथेरा लिओ लिओत घातलं, वाघाच्याही दोनच उपजाती ठेवल्या. ‘गीरचा सिंह’ लिहा, तो कुठे जात नाही.

सह्यकडा
वंशाला हरकत नाही. पण उपजाती गाळून कसं चालेल? शेकरूचं पिल्लू सापडलं तर ते कुठल्या उपजातीचं हे न कळता सोडायचं कुठे, भीमाशंकरला की मेळघाटात?

उलटतपासणी
त्याला सापडल्या जागेची नोंद पुरते.