खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं चालतील का? (दोन कोंबड्या, कोंबडा नाही)

मावळातली_सून

नमस्कार मंडळी, भोर तालुक्यात राहते, पाऊस सध्या म्हणजे छत्रीचं पण काही चालत नाही असा आहे. माझ्याकडे ६ गावठी कोंबड्या, त्यातल्या दोन एकदमच खुडूक झाल्यात, म्हणजे अंडी घालणं सोडून नुसत्या उबवायला बसल्यात. पहिली तांबडी, ती १६ दिवस झाले खुराड्यातून हलत नाही, खाली अंडी नाहीतच, सासूबाईंनी गंमत म्हणून एक बटाटा ठेवला तर त्याच्यावरच बसलीये आणि हात घातला की फुगून चोच मारते. दुसरी काळी, ती चारच दिवस झाले बसायला लागली.

घोळ असा की कोंबडा आखाडात कापला, पावणे आले होते, नाईलाज. त्याला महिना उलटून गेला म्हणजे आता घरच्या अंड्यांतून काही निघणार नाही असं मला वाटतं. म्हणून तालुक्याच्या गावातल्या एकाकडे वनराजची (सुधारित जात) २५ पिल्लं सांगून ठेवलीत, एक दिवसाची, परवा येतील.

गेल्या वर्षी अशीच पिल्लं आणून बल्बखाली ठेवली होती आणि दुसऱ्याच रात्री लाईट गेली ती पार दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पिल्लं थंडीनं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली, खालची गुदमरून मेली, ४० मधली ११ राहिली. तेव्हापासून मी बल्बवर भरवसा ठेवत नाही. आता दोन आया फुकट बसल्यात तर त्यांच्याच खाली सोडावीत असा विचार आहे. पण सासूबाई म्हणतात परकी पिल्लं मारून टाकते कोंबडी. कुणी केलंय का असं? निम्मी निम्मी दोघींना वाटली तर चालेल का?

टेरेसवरचा_शेतकरी

सोप्पं आहे, मी गच्चीत केलंय, रात्री अंधारात हळूच सरकवायची, सकाळी तिला वाटतं आपलीच निघाली. कोंबडीला मोजता येत नाही 😄 दोघींना निम्मी निम्मी द्या, टेन्शन नॉट.

आण्णा_गावाकडचे

वर सांगितलंय ते अर्धं खरं. रात्रीच सोडायची हे बरोबर, पण दोन्ही कोंबड्या एका मापानं मोजू नका सूनबाई. जी १६ दिवस बसलीये ती पक्की आहे. २१ दिवसाला पिल्लू निघतं, तिच्या अंगातलं घड्याळ तिथवर येत आलंय, त्यामुळं तिला खालून चिवचिव ऐकू आली की ती लगेच कुकुक करून उत्तर देईल. चार दिवसवाली अजून नुसती बसायला लागलीये, तिला अजून पिल्लं नकोयत, बसायचंय. तिच्या खाली पिल्लू हललं तर ती उंदीर समजून टोचेल. मी स्वतः असं करून एका सकाळी तीन पिल्लं उचललीत डोकं फुटलेली, म्हणून सांगतो.

आता उलटा हिशोब बघा. तांबडीखाली आज अंडी ठेवली तर तिला अजून २१ दिवस बसावं लागेल, म्हणजे सगळे मिळून ३७ दिवस. रवणावरची, म्हणजे अंडी उबवत बसलेली, कोंबडी दिवसातनं एकदाच उठते, १५-२० मिनिटं, दाणे टिपते, पाणी पिते, एकदा ढीगभर घाण वास मारणारं हगते आणि परत येऊन बसते. तुरा पांढरा पडतो, छातीचं हाड हाताला लागतं. ३७ दिवसांत ती वाळून जाईल, नाहीतर मधेच कंटाळून उठेल आणि भरत आलेली अंडी गार. म्हणून तांबडीला पिल्लं, आणि काळीला शेजारपाजारची कोंबडा असलेल्या घरची अंडी. माझा तर हाच सल्ला.

आणि हो, दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका, आमच्या एका पावण्यानं ठेवली होती २१ दिवस, नंतर घरात बसवेना.

मावळातली_सून

आण्णा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण २५ पिल्लं एका कोंबडीखाली मावतील? आणि कोंबडा जाऊन महिना झाला तर घरची अंडी खरंच बाद का, सासूबाई म्हणतात एखादं निघेल.

गुरांचा_डॉक्टर

कोंबडा गेल्यावर साधारण आठवडा-दहा दिवस अंडी फळती राहू शकतात, कारण कोंबडीच्या पोटात वीर्य साठून राहतं. कधी कधी दोन आठवडे पण जातात, पण महिन्यानंतर आशा सोडा. सासूबाईंना सांगा एखाद्या अंड्यासाठी कोंबडी अडकवण्यात अर्थ नाही.

संख्येचं म्हणाल तर गावठी कोंबडी अंगानं लहान. १०-१२ अंडी तिच्या पंखाखाली नीट बसतात, पिल्लं उन्हाळ्यात १५ पर्यंत सांभाळेल. भोरच्या पावसात मी १२ च्या वर जाणार नाही, कारण बाहेर राहिलेलं पिल्लू रात्री गारठतं आणि सकाळी तुम्ही रोगाला दोष देता. शिवाय ही वनराज आहेत, गावठीपेक्षा भराभर वाढतात, दोन-तीन आठवड्यांत आईच्या पंखाखाली फक्त डोकी मावतील आणि ढुंगणं बाहेर 🙂 तोवर पिसं फुटायला लागलेली असतात त्यामुळे तितकं बिघडत नाही, पण पाऊस लागू देऊ नका. ओलं पिल्लू म्हणजे मेलेलं पिल्लू, आईपण काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट जी कुणी विचारत नाही, लस. मानमोडी (राणीखेत रोग) आली की आई कितीही चांगली असो, पूर्ण खुराडं साफ होतं. पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. कुपी निदान १०० डोसची असते आणि कालवली की दोन तासांत संपवायची, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकत्र दिवस ठरवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, थर्मासमध्ये बर्फ घालून न्या, खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. दोन आठवड्याला गंबोरो रोगाची लस, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर२बी (मानमोडीचीच पुढची लस) टोचून घ्या. देवीची पण एक असते, ती तुमच्या भागात देवी येत असेल तर.

मालवणी_माणूस

आमच्याकडे पद्धत सांगतो. संध्याकाळी बटाटा काढून घ्या (😂), कोंबडीच्या अंगाला राख चोळा, कारण इतके दिवस एका जागी बसली म्हणजे उवा आणि गोचिडी भरलेल्या असणार, त्या सगळ्या पिल्लांच्या अंगावर जातात आणि रक्त पितात. खालचं गवत बदला, त्यात कडुलिंबाचा पाला घाला. मग नऊ-साडेनऊला, पूर्ण काळोख झाल्यावर, बॅटरीला लाल फडकं बांधून जायचं. एकावेळी दोन दोन पिल्लं मुठीत धरून मागच्या बाजूनं पंखाखाली सारायची, पुढून नाही, पुढून चोच असते. आणि बोलू नका, माझी बायको ‘बाय माझी, बस हां’ असं बोलत राहते आणि कोंबडी उठते.

खरी परीक्षा पहाटे. उजाडायच्या आधी जाऊन बसा. ती कुकुक करत असेल आणि पिल्लं पाठीवर चढत असतील तर झालं काम, तुम्ही चहा प्या. मान ताणून एकेकाला निरखून बघत असेल तर ताबडतोब उचला.

अजून एक, पाणी वाटीत ठेवू नका, बशीत खडे घालून ठेवा. एवढ्याशा पाण्यात बुडतात. डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) झाकलं की वर दगड ठेवा, रात्री घूस येते, मांजराचं तर बोलूच नका. दिवसा घार, मुंगूस. भारद्वाज दिसला की लोक शुभ म्हणतात, माझी चार पिल्लं नेलीत त्यानं, माझ्यासाठी काही शुभ नाही तो.

आमची आजी रवणाच्या टोपलीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायची, वीज कडाडली की अंडी बिघडतात म्हणून. खरंखोटं माहीत नाही, पण मी पण ठेवतो.

टेरेसवरचा_शेतकरी

बापरे मी एवढं काही केलं नव्हतं, बहुतेक माझं नशीब चांगलं होतं. प्रश्न, ते रस्त्यावर गुलाबी हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ती चालतील का खुडूक कोंबडीखाली, स्वस्त आहेत.

आण्णा_गावाकडचे

चालतील पण घेऊ नका. ती बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीला नको असलेली. अंडी देणार नाहीत, मांस पण धरत नाहीत, आणि दोन दिवस उन्हात पाटीत फिरून आलेली असतात. शिवाय चार-पाच दिवसाचं पिल्लू झालं की ते आईला आई मानत नाही, पळत सुटतं, आणि आई पळणाऱ्याला टोचते. एक-दोन दिवसाच्या आतलंच घ्यायचं.

मावळातली_सून *(चार दिवसांनी)*

अपडेट देते, लांबलंय माफ करा, लाईट नव्हती आणि मोबाईल शेजारच्या दुकानात इन्व्हर्टरवर चार्ज करून लिहितेय.

डब्यात २६ निघाली, एक जास्तीचं टाकतात म्हणे. आल्यावर गुळपाणी दिलं, प्रत्येकाची चोच एकदा बुडवली. रात्री तांबडीखाली १२ सारली, मालवणी दादांनी सांगितलं तसं मागून. पहिल्या दोनला ती नुसती थरथरली आणि मग असा घशातून आवाज काढायला लागली की माझ्याच अंगावर काटा आला, पंख थोडे उचलून जागा पण करून दिली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत पण नंतर मला गरम भाकरी वाढली.

मग मी शहाणपणा केला. आण्णांनी नको सांगितलेलं असून काळीखाली तीन ठेवून बघितली. रात्रभर काही नाही. पहाटे साडेपाचला गेले तर एक मेलेलं, डोळ्याजवळ टोचलेलं, दोन कोपऱ्यात चिकटून बसलेली. वाईट वाटलं, चूक माझीच.

बाकीची ११ चुलीजवळ खोक्यात होती, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, दर तीन तासांनी बदलत. त्यात ही दोन आली. दुसऱ्या रात्री तांबडीखाली अजून तीन सारली, घेतली तिनं, १५ झाली. डॉक्टर रागावू नका, रात्री मी वरून गोणपाट टाकते. शेजारच्या वहिनींच्या कोंबडीला परवाच पिल्लं निघालीत, १० अंड्यांत फक्त चारच, बाकीच्यांचं पाणी झालेलं, तिच्याकडे सहा दिली, तिनं पण घेतली. उरलेली चार अजून खोक्यात.

आज तांबडीनं त्यांना पहिल्यांदा अंगणात आणलं, पाऊस उघडला होता तेवढ्यात. कणी टाकली की स्वतः खात नाही, उचलते, खाली टाकते, बोलावते. मांजर कुंपणाशी दिसलं तर पिसं फुलवून अशी गेली त्याच्या अंगावर की ते दोन घरं पलीकडे थांबलं. माझ्या बल्बला हे कधी जमलं असतं.

गुरांचा_डॉक्टर

१५ ठीक आहे, गोणपाट कोरडं ठेवा. नुसती कणी नको, पहिले काही आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, आईनं त्यातलं खाल्लं तरी चालतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लांपुढे ठेवू नका, त्यात कॅल्शियम जास्त असतं, मूत्रपिंडं जातात. विष्ठेत रक्त दिसलं तर फोटो टाका, या दमट हवेत रक्ती हगवण लवकर लागते, खालचं गवत रोज हलवा.

मालवणी_माणूस

वाळवी मिळाली तर द्या. मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून वारुळाजवळ उपडं घालायचं, सकाळी मडकं भरलेलं. पण तुमच्याकडे पाऊस बघता आत्ता नको, उघडीप झाल्यावर.

आण्णा_गावाकडचे

आणि काळीचं काय केलंत? तिला तशीच नका ठेवू, एकतर अंडी द्या नाहीतर उठवा. उठवायची असेल तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पाण्यात बुचकळायचं जुनं औषध पावसात करू नका, गारठेल.

मावळातली_सून

वरच्या आळीतून दहा अंडी आणली, तिथं दोन कोंबडे आहेत आणि अंडी तीन-चार दिवसांच्या आतलीच होती. काल संध्याकाळी बसवली. आता अशी पसरून बसलीये की जणू मी तिचं काही देणं लागत होते. सासूबाईंनी टोपलीत कोळसा ठेवलाय, खिळा मी ठेवला. हिशोबानं गणपती बसायच्या एक-दोन दिवस आधी निघायला पाहिजेत. लशीसाठी पाच घरं तयार झाली, सोमवारी थर्मास घेऊन जातेय.

टेरेसवरचा_शेतकरी

बटाट्याचं काय झालं?

मावळातली_सून

रश्श्यात घातला. सासूबाई म्हणाल्या १६ दिवस उबवलाय, लवकर शिजेल.