वाईच्या वाड्यांतील पर्यटक-निवास : एम.टेक.च्या प्रबंधासाठी विषय नेमका कसा आखावा?

प्रश्न : कृष्णाकाठची विद्यार्थिनी

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. करीत असून बांधकाम तंत्रज्ञान हा माझा विशेष विषय आहे. घर वाईजवळच असल्यामुळे वाई आणि मेणवली परिसरातील जुन्या वाड्यांचे पर्यटक-निवासात होणारे रूपांतर प्रबंधासाठी घ्यावे, असे मनात आहे. महाबळेश्वरला निघालेला पर्यटक आजवर ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन, फार तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहून, पुढे पसरणीचा घाट चढत असे. आता त्यांतील काही जण वाईतच मुक्काम करतात आणि वाड्यात राहायला मिळते म्हणून चार पैसे जास्त मोजायलाही तयार असतात. त्यामुळे वर्षानुवर्षे कुलूप लागलेल्या माड्यांची डागडुजी सुरू झाली आहे.

अडचण अशी आहे की माझे मार्गदर्शक सर चुना, वीट आणि लाकूड यांच्या चाचण्यांवर भर द्यायला सांगतात, तर हॉटेल व्यवस्थापन शिकवणारे एक परिचित प्राध्यापक प्रश्नावली काढून पाहुण्यांचे समाधान मोजायला सांगतात. दोन्ही सल्ले मानले, तर अर्धा प्रबंध चुन्यावर आणि अर्धा टक्केवारीच्या तक्त्यांवर होईल आणि त्या दोन अर्धांचा एकमेकांशी काहीही संबंध राहणार नाही, अशी भीती वाटते. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वारसा पर्यटनावरचे बरेच प्रबंध चाळले, पण त्यांत इमारत ही बहुधा छायाचित्रापुरतीच येते. बांधकाम आणि पाहुणचार खऱ्या अर्थाने एकत्र येतील असा प्रश्न कोणता घ्यावा, आणि तो दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तडीस जाईल का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, कराड

आपण ज्या दोन गोष्टींचा सांधा शोधत आहात, तो वाड्याच्या न्हाणीघरात आहे. जुन्या वाड्यात पाण्याची जागा ठरलेली असे. आड, न्हाणी, भांडी घासण्याची जागा हे सारे परसात किंवा मागच्या चौकात, जमिनीलगत आणि दगडी फरशीवर. त्यामागे सोवळ्याओवळ्याचा भाग किती आणि बांधकामाची जाण किती, हा वाद आपण बाजूला ठेवू. पण त्या रचनेमुळे माजघर आणि माडी कोरडी राहिली, एवढे निश्चित. आजच्या पाहुण्याला मात्र प्रत्येक खोलीला लागून संडास-बाथरूम हवे असते, आणि मालक ते माडीवर बांधून देतो. पाहुणचाराची गरज आणि इमारतीची प्रकृती यांची टक्कर नेमकी तिथे होते.

माडीची जमीन म्हणजे तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. त्यावर सिमेंटचा कोबा आणि टाइल घातली, तरी नळीच्या भोवतीच्या सांध्यातून थोडे थोडे पाणी झिरपतेच. वर टाइल असल्यामुळे ते वाळत नाही. मातीच्या थरात मुरते आणि उताराने भिंतीकडे सरकते. तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असते, त्यामुळे कुजण्याची सुरुवात तिथून होते, आणि गिलाव्याआड ती कोणाला दिसत नाही. लाकडातील आर्द्रता दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला अनुकूल परिस्थिती तयार होते. सागवान असले तरी वर्षानुवर्षे ओले राहणारे टोक त्याला अपवाद ठरत नाही. त्यात बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल, तर चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडणारी वाफही अडते. म्हणून माझ्या मते आपला प्रश्न असा असावा : माडीवर बांधलेल्या न्हाणीघरामुळे तुळईच्या टोकापाशी आणि लगतच्या भिंतीत आर्द्रता किती वाढते, आणि पाहुण्यांची सोय न घटवता ती कमी कशी करता येईल?

मोजमापाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन सुयांचे विजेवर चालणारे आर्द्रतामापक लाकडासाठी ठीक आहे. भिंतीत क्षार असले की ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवते. भिंतीसाठी छिद्र पाडून निघालेला भुगा लगेच हवाबंद डबीत घ्यावा, त्याचे वजन करावे, १०५ अंशांवर भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावे. पद्धत कंटाळवाणी आहे, पण परीक्षकापुढे टिकते. रिबाउंड हातोडा मात्र घरीच ठेवावा. आपटून मजबुती अजमावणारे ते उपकरण काँक्रीटसाठी आहे. मातीत बसवलेल्या दगडी भिंतीवर त्याचे आकडे घेऊन तक्ते भरणारे प्रबंध मी तपासले आहेत आणि त्यांतून काहीही निष्पन्न होत नाही.

भाराचाही एक छोटा परिच्छेद असावा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे निवासी हॉटेलातील झोपण्याच्या खोलीसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, तर भोजनगृहासाठी ४ किलोन्यूटन चल भार (माणसे आणि सामान यांचे बदलते वजन) धरावा लागतो. पाहुण्यांना चौकाचे दृश्य दिसावे म्हणून जेवणाचा दिवाणखाना माडीवर नेणाऱ्या मालकाने तुळयांवरचा अपेक्षित भार दुप्पट केलेला असतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते. १९६७ च्या डिसेंबरातील कोयनेचा भूकंप लक्षात घेता भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड आहेत की नाहीत, हेही पाहावे. त्यासाठी दगड-विटांच्या बांधकामाच्या भूकंपसुरक्षेवरील आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ ही मानके वाचावीत. परंतु भूकंपाचा स्वतंत्र अभ्यास यात ओढू नये.

उत्तर २ : वाड्यात खोल्या चालवणारा, वाई तालुका

सरांशी मी सहमत आहे. व्यवसायाच्या बाजूने थोडी भर घालतो. ताई, पाहुण्यांच्या समाधानाची प्रश्नावली काढू नका. निघताना हातात कागद दिला की सगळेच ‘छान’ असे लिहितात, कारण त्या वेळी त्यांना गाडीत सामान भरायचे असते. त्यापेक्षा खोली ठरवताना फोनवर ते काय विचारतात, याची नोंद मालकाकडून महिनाभर ठेवून घ्या. बाथरूम खोलीला लागून आहे का, हा प्रश्न सहसा पहिला असतो. वाडा किती जुना आहे, हे पुष्कळ नंतर येते. मागणीचा याहून प्रामाणिक पुरावा आपल्याला मिळणार नाही.

दुसरे असे की खोल्यांची साफसफाई करणाऱ्या बायकांशी बोला. भिंत कोठे खराब होते आहे, हे मालकाच्या आधी त्यांना कळते, कारण सकाळी केर काढताना भिंतीच्या कडेला पडलेली क्षाराची पांढरी भुकटी त्याच गोळा करतात. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी कोणत्या खोलीत ती भुकटी पावसाळ्यानंतर वाढते, हे बोटाने दाखवू शकतात. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. श्रावणात चादरी आणि टॉवेल बाहेर वाळत नाहीत, मग ते सोप्यात किंवा माजघरात दोऱ्यांवर टाकले जातात. त्या कपड्यांतले सगळे पाणी वाड्याच्या हवेत जाते. न्हाणीघराचा दोष मोजताना धुलाईचा हा वाटा वेगळा काढावा लागेल, नाहीतर निष्कर्ष चुकतील.

केंद्र शासनाच्या निवास-न्याहारी योजनेत एका घराला जास्तीत जास्त ६ खोल्यांची मर्यादा आहे. एवढ्या थोड्या खोल्यांत एक जरी न्हाणीघराअभावी रिकामी राहिली, तरी वर्षाचे गणित बिघडते. तेव्हा ‘माडीवर न्हाणीघर नको’ एवढाच निष्कर्ष काढलात, तर कोणी तो पाळणार नाही. आणि भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. वाडा चालवतो एक भाऊ, पण उताऱ्यावर नावे पुण्या-मुंबईच्या चुलत्यांचीही असतात, आणि अशा वेळी भाऊबंदकी जागी व्हायला निमित्त लागत नाही.

उत्तर ३ : स्थापत्य सल्लागार, सांगली

वरील आखणी नेटकी असली तरी तिची व्याप्ती मला तोकडी वाटते. कृष्णाकाठच्या इमारतींत ओल येते ती केवळ नळातून नव्हे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर मातीच्या आणि चुन्याच्या भिंती आतून कित्येक महिने ओल्या राहिल्या, आणि ज्यांनी घाईने सिमेंटचा गिलावा करून रंग दिला, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी पापुद्रे सुटले. लॉज आणि खानावळी लवकर सुरू करण्याच्या दडपणाखाली झालेल्या या दुरुस्त्या हाही बांधकाम आणि पाहुणचार यांचा सांधाच आहे. वाई आणि सांगली अशी तुलना केल्यास प्रबंधाला वजन येईल.

विद्यार्थिनी

आपणा सर्वांची आभारी आहे. न्हाणीघराचा विषय नक्की करते. सांगलीची तुलना मोहात पाडणारी आहे, परंतु ती एम.टेक.च्या मुदतीत पेलेल का? आणि वाडे किती घ्यावेत?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, कराड

सांगलीच्या मित्रांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु पुराची ओल खालून आणि बाहेरून येते, तर आपली वरून आणि आतून. दोन्ही एका प्रबंधात घेतल्यास कारणे वेगळी काढता येणार नाहीत. तो विषय पीएच.डी.साठी राखून ठेवावा. वाडे तीनच घ्यावेत : एक, ज्याच्या माडीवर न्हाणीघरे आहेत, दुसरा, ज्याने ती परसात स्वतंत्र बांधून आच्छादित वाटेने जोडली आहेत, आणि तिसरा, ज्यात अजून घरचीच माणसे राहतात. तिन्हींच्या भिंतींची जाडी आणि साहित्य शक्य तितके सारखे असावे. दुसऱ्या वाड्यातील खोल्या पहिल्याच्या तुलनेत किती रात्री रिकाम्या राहतात, हे नोंदवहीतून काढले की मालकाला पटेल असा हिशेबही हाती येईल.

वेळापत्रकात एकच गोष्ट हलवता येणार नाही. कोरड्या स्थितीची मोजणी मेअखेरपर्यंत पूर्ण झाली पाहिजे आणि तापमान-आर्द्रता नोंदवणारी यंत्रे वळीव सुरू होण्यापूर्वी बसली पाहिजेत. ती संधी हुकली तर पुढचा पावसाळा येईपर्यंत आपली दोन वर्षे संपत आलेली असतील. संमतीपत्रांचे काम म्हणूनच आधी उरकावे, आणि भिंतीत पाडलेली छिद्रे बुजवण्यासाठी सिमेंट नव्हे, तर चुनाच सोबत न्यावा.